पोट्ट्याची गाडी, बुढ्याची सही

मोटारीच्या जाहिरातीतला तरुण बहुतेक वेळा एकटा असतो. फार तर शेजारी एक मुलगी असते. मागची सीट रिकामी. डिकीत गिटार. समोरच्या रस्त्यावर बैलगाडी नाही, म्हैस नाही, ट्रॅव्हल्सची बस नाही आणि वरातीची घोडीही नाही. पंचविशीतल्या या गड्याला पगार आहे पण हप्ता नाही, आईवडील असावेत पण त्यांचा फोन कधी वाजत नाही. कंपनीच्या बैठकीत याच गड्याचं चित्र भिंतीवर लावतात आणि त्याच्यासाठी नवा उपब्रँड काढतात: नाव वेगळं, बोधचिन्ह वेगळं, शोरूम वेगळी, विक्रेत्यांच्या अंगावरचे शर्टसुद्धा वेगळे. मग ती गाडी अमरावतीत बडनेरा रोडवर नाहीतर अकोल्यात मूर्तिजापूर रोडवर येऊन उभी राहते, विकली जाते, एमएच-२७ नाहीतर एमएच-३० ची पाटी लावून घरी जाते, आणि आरसीवर नाव निघतं पोराच्या बापाचं. वऱ्हाडात पोराला पोट्टा म्हणतात आणि बापाला पाठीमागे बुढा, मग तो पंचेचाळिशीचा का असेना. माझं म्हणणं एवढंच आहे की तरुणांसाठी म्हणून काढलेल्या गाडीचं खरं गिऱ्हाईक हा बुढा आहे. ज्या कंपन्यांच्या हे ध्यानात आलं नाही त्यांचे उपब्रँड बुडाले, आणि ज्यांच्या ध्यानात आलं त्यांनी गाजावाजा न करता गाडीला मागचे दरवाजे बसवले.

या विषयातला जगप्रसिद्ध धडा टोयोटानं गिरवला. नवं शतक उजाडता उजाडता टोयोटाला अमेरिकेत एक काळजी लागली. तिथलं तिचं गिऱ्हाईक भरवशाचं होतं, एकदा टोयोटा घेतली की पुन्हा टोयोटाच घेणारं होतं, पण त्याचे केस पिकत चालले होते. हे लोक उद्या गाडी चालवायचे थांबले तर पुढं काय? म्हणून जून २००३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सायन’ नावाचा तरुणांचा ब्रँड सुरू झाला आणि २००४ मध्ये देशभर पोचला. त्यातली एक्सबी ही गाडी सरळसरळ चौकोनी खोका होती. तरुणांना असंच काहीतरी आवडतं अशी समजूत. जाहिरात टीव्हीवर कमी आणि गाण्याच्या क्लबांत, चित्रांच्या प्रदर्शनांत जास्त. भाव ठरलेला, घासाघीस बंद. सुरुवात झकास झाली, २००६ मध्ये सुमारे १ लाख ७३ हजार गाड्या खपल्या. २०१५ मध्ये हा आकडा ५६ हजारांवर आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये टोयोटानं हे दुकान गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जाता जाता कंपनीनं अभिमानानं सांगितलं की सायनच्या गिऱ्हाइकाचं सरासरी वय ३६ आहे, म्हणजे घरातला सगळ्यात तरुण ब्रँड हाच. छत्तीस! वऱ्हाडात छत्तिसाव्या वर्षी माणसाच्या पोराचं कॉन्व्हेंटातलं ॲडमिशन होऊन जातं, गुडघ्याचा पहिला एक्स-रे निघालेला असतो आणि भाच्याच्या लग्नात तो वडीलधारा म्हणून पाटावर बसतो.

तरी हिशेब चोख ठेवला पाहिजे. मोटारींच्या बाजारात छत्तीस हे वय खरोखरच कोवळं मानतात, सायनची निम्मी गिऱ्हाइकं पस्तिशीच्या आतली होती आणि दहांतली सात जणं टोयोटाच्या दारात पहिल्यांदाच आलेली होती. म्हणजे पोरं आली होती. प्रश्न असा की मग दुकान का बुडालं? एक तर २००८ च्या मंदीनं पहिला फटका नवख्या नोकरदार पोरांनाच दिला. दुसरं कारण मात्र घरातलंच होतं. पोराला वेगळं घर थाटून द्यायचं, पण किराणा मात्र आईच्या घरात उरेल तेवढाच पाठवायचा, तसं टोयोटानं सायनचं केलं. वर्षानुवर्षं नवी गाडी नाही; एक्सबीची दुसरी पिढी आली ती पहिलीपेक्षा जाड आणि जड; आणि शेवटी शेवटी सायनच्या नावानं जी मोजकी मॉडेलं उभी होती त्यांतलं एक मुळात माझ्दाचं, एक सुबारूच्या कारखान्यातलं आणि एक टोयोटाचंच परदेशातलं. उपब्रँड सांभाळण्यातला खरा पेच हा आहे. जाहिरातीचं खातं वेगळं काढणं सोपं, पण इंजिनं, साचे आणि इंजिनियर यांचं खातं एकच असतं, आणि पैसा कमी पडला की कात्री आधी धाकट्यावर चालते. तिकडे होंडानं २००२ च्या अखेरीस एलिमेंट नावाची अशीच चौकोनी गाडी कॉलेजातल्या, समुद्रावर फळ्या घेऊन हुंदडणाऱ्या पोरांसाठी काढली. फरशी पुसून साफ करता येते, सीटा उचलून बाजूला करता येतात. ती घेतली कोणी? मुख्यतः मध्यमवयीन लोकांनी. त्यांना कुत्रा न्यायचा होता, बागेची माती आणायची होती आणि चढता-उतरता कंबर वाकवायची नव्हती.

आपल्याकडे या नादाचा सगळ्यात करुण बळी म्हणजे नॅनो. भर पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. मार्च २००९ मध्ये गाडी आली ती लाखाची म्हणून. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण सगळ्यांत स्वस्त गाडी दारात उभी करायची नव्हती. वऱ्हाडात तर मुळीच नाही, कारण इथं गाडी ही निम्मी सोयरिकीसाठी असते. खप उतरल्यावर कंपनीनं निष्कर्ष काढला की गिऱ्हाईक बदलावं. २०१३ मध्ये जाहिरातीतून तो स्कूटरवरचा बाप उतरला आणि रंगीबेरंगी कपड्यांतली, नाचणारी पोरं चढली. २०१४ मध्ये ट्विस्ट आली, पॉवर स्टिअरिंगसह. २०१५ मध्ये जेनएक्स आली, आपोआप गिअर बदलणारी आणि मागून डिकी उघडणारी. (डिकीला उघडणारं झाकण असावं हे सुचायला सहा वर्षं लागली, पण असो.) ज्या कुटुंबासाठी गाडी बनली होती त्याला वाटलं की ही आता पोरांची झाली, आणि पोरांना ती अजूनही लाखाचीच वाटत होती. जून २०१८ मध्ये कारखान्यातून नॅनो बाहेर पडली ती फक्त एक.

निसाननं जुनं डॅटसन हे नाव पुन्हा उकरून काढलं त्याची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त शिकवणारी आहे. मार्च २०१४ मध्ये डॅटसन गो भारतात आली, किंमत ३ लाख १२ हजारांपासून. सांगितलं असं की वर चढू पाहणाऱ्या, उमेदीच्या तरुणांची ही गाडी. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले, त्यामुळे उमेद थोडी खचली. पण माझं लक्ष दुसरीकडे आहे. या उमेदीच्या तरुणासाठी कंपनीनं दुसरी गाडी कोणती काढली? जानेवारी २०१५ मध्ये गो प्लस: चार मीटरच्या आत सात जणांची बैठक. जाहिरातीतला गडी दहा महिन्यांत सात माणसांचा कुटुंबप्रमुख झाला, एवढी झपाट्यानं तरक्की वऱ्हाडातल्या कोणत्याच पोट्ट्याची झालेली नाही. तिसऱ्या रांगेत लहान मुलं बसतील एवढीच जागा होती, पण आपल्या भागात तिसरी रांग दिसली की तिथं मावशी बसते. महिंद्रानं जानेवारी २०१६ मध्ये केयूव्ही १०० आणली, वरुण धवनला घेऊन, तरुणाईचा ढोल वाजवत. आणि तिच्यात पुढच्या रांगेत तीन माणसं बसण्याची सोय दिली. म्हणजे जाहिरात पोराची आणि आसनव्यवस्था काळीपिवळीची. ही सोय मी नावाजतो, कारण ती करणाऱ्या इंजिनियरला आपलं गिऱ्हाईक माहीत होतं. जाहिरातवाल्याला माहीत नव्हतं. डॅटसनचं नाव २०२२ मध्ये भारतातून गेलं, केयूव्हीही गेली. मारुतीनं २०१७ मध्ये इग्निस मिलेनियल पिढीसाठी म्हणून काढली. ती राहिली, पण उंच छत, ताठ बसणारी सीट आणि मोठं उघडणारं दार ही तिची लक्षणं पाहिली तर ती सांधेदुखीच्या डॉक्टरानं लिहून दिल्यासारखी वाटते.

आता माणसं म्हणतील, पैसे बाप देतो म्हणून काय झालं, गाडी तर पोरगाच निवडतो ना? यूट्यूब तो पाहतो, मॉडेल तो ठरवतो, बापाला टर्बो आणि साध्या पेट्रोलमधला फरक तोच समजावतो. हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून सौदा कसा होतो ते जरा जवळून पाहू. दसऱ्याआधीचा पंधरवडा. सोयाबीन निघालेलं किंवा निघायच्या बेतात, कापूस अजून वावरात. शोरूममध्ये पाच माणसं येतात: पोरगा, बाप, माय, मामा आणि गाडीतलं कळतं अशी ख्याती असलेला एक शेजारी. विक्रेत्याला वरून शिकवलेलं असतं की गिऱ्हाईक म्हणजे तरुण, म्हणून तो पोराला पकडतो. स्क्रीन केवढा, अॅलॉय चाकं कशी, फोन तारेशिवाय कसा जोडला जातो. पोराचे डोळे चमकतात. बाप तोवर गाडीभोवती एक चक्कर मारतो, चपलेच्या टोकानं टायर दाबतो, दार दोनदा उघडून लावतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. मग पहिला प्रश्न येतो, “ॲव्हरेज काय देते?” दुसरा, “मांगं तिघं बसतीन का?” माय कोणाला न विचारता मागचं दार उघडते, लुगडं आवरून एक पाय आत ठेवते आणि तिथूनच निकाल देते, “मले नाही चढता येत बाप्पा याच्यात.” मामा सगळ्यात शेवटी बोलतो, “इकाले काढली तं किती येतीन?” स्क्रीनबद्दल पाचांपैकी कोणीही एक शब्द काढत नाही.

म्हणजे निवडीचा अधिकार पोराकडे आहे हे खरं, पण नकाराचा अधिकार उरलेल्या चौघांकडे आहे. पोरगा दहा गाड्यांतून तीन काढतो. त्या तिनांतली एक राहते ती मायच्या गुडघ्यावर आणि मामाच्या हिशेबावर. जो ब्रँड फक्त पोराशी बोलतो तो पहिल्या तिनांत हमखास येतो आणि शेवटच्या एकात हमखास हरतो. सायनची घासाघीसबंदी इथं आणून पाहावी असं मला फार वाटतं. भाव पक्का आहे म्हटल्यावर आपला बाप “बरं” म्हणतो आणि खुर्ची जास्त आरामात ओढून बसतो. भाव कमी होत नसेल तर फुटमॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, पहिल्या वर्षाचा विमा, जुन्या गाडीचे पाच हजार वरून, आणि काहीच नाही तर गाडीची टाकी तरी फुल. ही घासाघीस निव्वळ पैशांसाठी होत नाही. सात-आठ लाखांच्या व्यवहारात पोराच्या, बायकोच्या आणि मेहुण्याच्या देखत आपण शेवटचा शब्द टाकला, याची नोंद व्हावी लागते. ती संधी हिरावणारी शोरूम कितीही तरुण असो, तो माणूस उठून शेजारच्या कंपनीत जातो.

बँकेचं मत तर आणखी स्पष्ट आहे. कंपनीला जो तरुण गिऱ्हाईक म्हणून दिसतो तो बँकेच्या साहेबाला दिसतच नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, अमरावतीत गाडगे नगरात खोली करून राहिलेल्या पोराचा सिबिल काढायला गेलं तर यंत्र गप्प बसतं. सॅलरी स्लिप मागितली की शिक्षक असलेला बाप पुढं होतो. आयटी रिटर्न मागितलं की दालमिल किंवा अडत असलेला काका. आणि दोन्ही नसलं की सात-बारा घेऊन आजा. ज्या पोरांना खरोखर पगार आहे ती पुण्याला हिंजवडीत आहेत. त्यांच्याबद्दल दुसरा आक्षेप येतो की आता जमाना बदलला, ती आपल्या पैशानं गाडी घेतात. घेतात. पण पहिली गाडी घेताना त्यांच्या डोक्यात एकच विचार असतो की दिवाळीत ट्रॅव्हल्सवाल्याला तिप्पट भाडं न देता गावी जाता यावं, आणि येताना मायबापांना चार दिवस पुण्याला आणता यावं. म्हणजे बुढा इथंही मागच्या सीटवर हजर आहे. फरक एवढाच की हप्ता त्याच्या खात्यातून जात नाही, त्यामुळे मत तो जरा हळू आवाजात देतो.

गाडी घरी न्यायच्या दिवशी हे सगळं फोटोत उतरतं. शोरूमवाले गाडीवर चकचकीत कापड टाकतात, केक आणतात, पुठ्ठ्याची हातभर किल्ली काढतात. किल्ली बापाच्या आणि मायच्या हातात, विक्रेता एका बाजूला, आणि ज्याच्यासाठी हा ब्रँड जन्मला तो पोरगा कडेला, अर्धा कापलेला. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं. गाडी अमरावतीची असेल तर आधी अंबादेवीला, अकोल्याची असेल तर राजराजेश्वराला, आणि येत्या गुरुवारी दोन्हीकडची शेगावला. गजानन महाराजांची तसबीर डॅशबोर्डवर बसते ती नेमकी तिथं, जिथं कंपनीनं लाखो रुपये खर्चून घडवलेलं उपब्रँडचं नाव कोरलेलं असतं. त्या नावाची कोणालाही आठवण येत नाही. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही.

तरुणाईची खूण म्हणून ज्या वस्तू गाडीत घालतात त्यांच्याकडेही एकदा पाहायला हवं. सनरूफ घ्या. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली बदलत फिरतं, आणि कंपनी त्या माणसाला लाखभर रुपये जास्त घेऊन छताला काच बसवून देते की बाबा, यातून सूर्य बघ. सूर्य बघण्यासाठी अकोल्याच्या माणसाला छत फोडायची गरज कधीच पडली नव्हती. वर गाडीचा रंग काळा, आतली सीट काळी, चाकंही काळी, कारण काळ्या रंगाची खास आवृत्ती तरुणांत चालते. सनरूफचा एकमेव चालू उपयोग म्हणजे वरातीत त्यातून दोन पोरं कंबरेपर्यंत बाहेर काढून नाचवणं, जे धोक्याचं आहे आणि जाहिरातीत दाखवत नाहीत. तीच गत मोकळ्या रस्त्याची. अमरावती ते अकोला हा महामार्ग चौपदरी होता होता एवढी वर्षं लागली की त्या काळात स्पोर्ट मोडची गाडी घेणाऱ्याला तो मोड कुठं वापरायचा हे कळत नव्हतं. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीजचा विक्रम झाला. रस्ता झाला, मोड वापरता येऊ लागला, आता मागून आवाज येतो, “हळू चालव बे, दूध सांडन.”

आणखी एक आक्षेप नेक्साचा. मारुतीनं २०१५ मध्ये नेक्सा नावाची वेगळी दुकानं काढली, काळीपांढरी, थंडगार, विमानातल्यासारखं अदबीनं बोलणाऱ्या माणसांची. आणि २०२३ पर्यंत तिथून २० लाख गाड्या गेल्या. उपब्रँड चालतो याचा याहून मोठा पुरावा कोणता? चालतो, हे मान्य. पण नेक्सानं गिऱ्हाइकाचं वय विचारलं नाही. मारुती म्हणजे आठशे, मारुती म्हणजे काकांची गाडी, हा शिक्का पुसायचा होता, म्हणून तिनं तरुणपणाऐवजी प्रतिष्ठा विकली, आणि प्रतिष्ठेचं गिऱ्हाईक पंचविशीपेक्षा पन्नाशीत जास्त सापडतं. बलेनो पोरानं मागितली आणि बापाला पटली, कारण मागं जागा होती, सर्व्हिस मारुतीची होती आणि मामाच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर होतं. त्याच दुकानात सहा आसनांची एक्सएल ६ ठेवली, पुढं सात-आठ आसनांची इन्व्हिक्टो ठेवली. नेक्सातली जी गाडी खास तरुणांची म्हणून आणली होती ती इग्निस, आणि खपात बलेनोच्या जवळपासही ती कधी गेली नाही.

पल्सरचं उदाहरण मला जास्त अडचणीचं वाटतं. बजाजनं २००१ मध्ये पल्सर काढली, उघडउघड पोरांसाठी, मर्दानीपणाचा डंका पिटत, आणि ती तुफान चालली. पुढं २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ड्यूक आली, तीही चालली. अमरावतीत विद्यापीठाच्या रस्त्यावर उभं राहा, दर दुसरी गाडी त्यांतलीच. इथं माझं म्हणणं हरतं का? मला वाटतं, थोडं वाकतं. दुचाकीवर मागं फार तर एक माणूस बसतो, आणि ड्यूकची मागची सीट एवढी उंच आणि एवढीशी आहे की बुढा तिथं बसायचा विचारच करत नाही. यंत्रच त्याला बाहेर ठेवतं. शिवाय रक्कम मोटारीच्या मानानं थोडी, कुटुंबाची सभा भरवावी एवढी नाही. मोटारीत हे जमत नाही, कारण मोटारीचा अर्थच मुळी सगळ्यांनी मावणं असा आहे. आणि बजाजची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. पल्सरच्या यशावर राजीव बजाज यांनी २००९ मध्ये स्कूटरचा धंदा सोडायचं ठरवलं, तेव्हा वडील राहुल बजाज यांनी आपल्याला दुःख झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. दहा वर्षांनी त्याच कंपनीनं विजेवर चालणारी स्कूटर आणली आणि तिला नाव दिलं चेतक. तरुणांच्या कंपनीला नवं गिऱ्हाईक हवं होतं तेव्हा वडिलांच्या कपाटातलं नाव काढावं लागलं.

थारवाले तर हातघाईवर येतील. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली महिंद्राची तीन दारांची थार म्हणजे जाहिरातीतल्या त्या एकट्या गड्याचं साकार झालेलं स्वप्न होतं: मागं जायचं तर पुढची सीट दुमडून रांगत जा, डिकी नावापुरती. महिनोन्महिने वेटिंग होतं. मग महिंद्रानं काय केलं? १५ ऑगस्ट २०२४ ला थार रॉक्स काढली, म्हणजे तीच गाडी, लांब केलेली आणि मागं दोन दरवाजे जास्त. बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासात १ लाख ७६ हजार नोंदी झाल्या. त्या तासात नोंदणी करणाऱ्या बोटांपैकी पुष्कळशी पोरांची असतील; पण इतकी वर्षं “गाडी भारी आहे, पण आई मागं कशी चढेल” म्हणून अडलेले सौदे त्या दोन दरवाजांनी सोडवले, हे नाकारता येत नाही. त्यानंतर त्याच कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये विजेवरच्या गाड्यांच्या बीई या नव्या, अगदी परग्रहावरून आल्यासारख्या ब्रँडची पहिली गाडी उलगडली. तिचं नाव बीई ६ई. इंडिगो विमानांचा संकेत ६ई असल्यानं इंडिगो कंपनी कोर्टाची पायरी चढली आणि पंधरा दिवसांच्या आत गाडीचं नाव बीई ६ झालं. तरुण ब्रँडचं नाव ठेवताना सुद्धा शेजारपाजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावं, एवढं तरी आपल्याकडे बारशाला पाळतात.

मग कंपन्या हे सारखं का करतात? एक कारण म्हणजे सरासरी वयाचा तक्ता. तो दरवर्षी वर सरकतो आणि बैठकीत बसलेले पन्नाशीचे अधिकारी तो पाहून घाबरतात, कारण त्यात त्यांना गिऱ्हाइकाबरोबर स्वतःही दिसतात. नवा ब्रँड काढला की निदान दोन वर्षं तरी काहीतरी केल्यासारखं दिसतं. दुसरं कारण मात्र व्यवहाराचं आहे आणि त्याला मी पुरता विरोध करू शकत नाही. अमेरिकेतल्या मोटारधंद्यात जुना विचार आहे की तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, पण म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही. हे वऱ्हाडातही शंभर टक्के खरं आहे. आपल्या बुढ्याला ‘ज्येष्ठांसाठी सोयीची गाडी’ म्हणून काही दाखवा, तो शोरूममधून निघून जाईल. तीच गाडी पोरांची म्हणून दाखवा, तो म्हणेल पोट्ट्याची हौस आहे, करू दे. आणि महिनाभरानं सकाळी दूध आणायला तो स्वतःच ती लाल गाडी काढेल, काळा गॉगल लावून. म्हणजे तरुणाईचं लेबल फुकट जात नाही. ते बापावर लागू पडतं. चूक तेव्हा होते जेव्हा कंपनी स्वतःच त्या लेबलावर विश्वास ठेवते आणि त्या कल्पित एकट्या गड्यासाठी दरवाजे कमी करते, छत उतरवते, डिकी कापते आणि घासाघीस बंद करते. टोयोटानं सायन बंद केल्यावर उरलेल्या गाड्यांचं काय केलं तर त्यांना पुन्हा घरचीच नावं दिली. आयएम नावाची जी तरुणांची गाडी होती ती कोरोला आयएम झाली. कोरोला, म्हणजे ज्या काकांपासून पळून हा सगळा खटाटोप सुरू झाला होता, त्यांचीच.

तेव्हा यंदा दसऱ्याला गाडी पाहायला निघालेल्यांना एक सांगणं. जाहिरात पोराला पाहू द्या, रंगही त्यालाच निवडू द्या, त्यात घराचं काही जात नाही. टेस्ट ड्राइव्ह मात्र महामार्गावर घेऊ नका. तिथं सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. गावाकडच्या पांदणीनं घ्या, पावसाळ्यानंतरच्या, आणि मागं तिघांना बसवून घ्या. विक्रेता नको म्हणेल. मग बुढीला पुढं करा.